फितूर संगणक

ताईचा फोन रविवारी रात्री आला. "अरे, बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो उघडेनासे झालेत. सगळ्या फायलींच्या नावापुढे कसलीशी चार अक्षरं चिकटली आहेत." फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एखादी नवी फाइल दिसते का, असं मी विचारलं. दिसत होती, प्रत्येक फोल्डरमध्ये दिसत होती. ती वाचून दाखवता दाखवता ताई मध्येच थांबली. फायलींना कुलूप घातलं आहे, किल्लीची किंमत ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क साधलात तर निम्मी, म्हणजे ४९०, असा तो मजकूर होता.

"आधी वायफायचा राउटर बंद कर," मी म्हटलं. "मग संगणकाचं बटण दाबून धर, पूर्ण बंद होईपर्यंत. आणि बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर काढून ठेव."

डिस्क लावलेलीच होती. बॅकअप आपोआप व्हावा म्हणून ती कायमच लावलेली असायची. तिच्यातल्या फायलींपुढेही तीच चार अक्षरं होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी पोचलो तोवर कारण कळलं होतं. भाच्याने कॉलेजच्या गॅदरिंगचे व्हिडिओ जोडण्यासाठी एका महागड्या सॉफ्टवेअरचा 'क्रॅक' उतरवून घेतला होता. अँटिव्हायरसने त्याला अडवलं होतं. पण सोबतच्या सूचनांत 'अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा' असं लिहिलेलं होतं, आणि त्याने ते केलं. मग 'विंडोज अपडेट होत आहे' अशी खिडकी उघडली, म्हणून तो जेवायला उठला. पोरगा एका कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. त्याला कोणी रागावू नये, असं मी भावजींना आधीच सांगून ठेवलं होतं. कारण अशा वेळी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे काय उतरवलं, किती वाजता, काय दाबलं, हे नेमकं सांगणारा माणूस. रागावलं की तो गप्प बसतो, आणि मग सगळं काम अंधारात चाचपडत करावं लागतं.

त्या चार अक्षरांवरून कूळ ओळखू येत होतं. संशोधक त्याला 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात. खंडणीखोर सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्याला मोठी इस्पितळं आणि कंपन्या आठवतात. हे कूळ मात्र २०१८पासून घरगुती संगणकांवरच पोसलं गेलं, आणि ते घरात शिरतं ते बहुतेक वेळा क्रॅकमधून. अपडेटची ती खिडकी खोटी असते. पडद्यावर टक्के पुढे सरकत असतात आणि मागे एकेका फाइलला कुलूप लागत असतं. विंडोजने ठेवलेल्या जुन्या आवृत्त्या, ज्यांना शॅडो कॉपी म्हणतात, त्या पुसल्या जातात. 'होस्ट्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. कोणतं संकेतस्थळ कोणत्या पत्त्यावर आहे, हे विचारताना विंडोज आधी तिच्यात डोकावतं. त्या फाइलमध्ये सुरक्षा कंपन्यांची नावं लिहून त्यांच्यापुढे तुमच्याच संगणकाचा पत्ता घातला जातो. परिणामी मदत शोधायला जावं, तर नेमकी तीच पानं उघडत नाहीत.

हे सगळं दिसतं तरी. या कुळाबरोबर पुष्कळदा दुसरा एक चोर येतो, तो दिसत नाही. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी गोळा करतो, मिनिटभरात बाहेर पाठवतो आणि निघून जातो. भावजी म्हणत होते, "देऊन टाकू पैसे, फोटो तरी परत येतील." पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, हे एक. पण माझं मुख्य म्हणणं वेगळं होतं. फोटो परत आले, तरी त्या रात्री बाहेर गेलेले पासवर्ड परत येणार नव्हते. आरडाओरडा खंडणीखोराने केला होता. खरी घाई करायची होती ती या दुसऱ्या चोरासाठी.

फोन करण्याआधी भावजींनी अँटिव्हायरस पुन्हा सुरू करून तपासणीही केली होती. उत्तर आलं होतं, एकही धोका आढळला नाही. इथेच या प्रकरणाचा गाभा आहे. आपण विचारणा कोणाकडे करतो आहोत?

न्यायालयात साक्षीदार फितूर होतो, तेव्हा तो दिसतो तसाच, बोलतो तसाच; फक्त त्याचं बोलणं आता दुसऱ्याच्या सोयीचं असतं. संसर्ग झालेला संगणक असा फितूर साक्षीदार आहे. अँटिव्हायरस स्वतः डिस्क वाचत नाही. तो विंडोजला विचारतो, 'या फोल्डरमध्ये काय आहे?' विंडोज जे सांगेल, त्यावर तो निकाल देतो. मधला हा सांगणाराच वश झाला असेल, तर निकालाला काय किंमत?

याचं लख्ख उदाहरण २००५ साली जगासमोर आलं. मार्क रसिनोव्हिच हे विंडोजच्या अंतरंगाचे मोठे जाणकार. त्यांनी एक तपासनीस प्रोग्राम लिहिला होता. तो फायलींची यादी दोन वाटांनी मिळवायचा: एकदा विंडोजला विचारून, आणि एकदा विंडोजला बाजूला ठेवून थेट डिस्कवरच्या नोंदी वाचून. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायचा. स्वतःच्याच संगणकावर तो चालवताना त्यांना दोन याद्यांत तफावत दिसली. डिस्कवर असलेल्या काही फायलींचं अस्तित्वच विंडोज नाकारत होतं. माग काढत ते पोचले सोनी बीएमजीच्या एका गाण्यांच्या सीडीपर्यंत. गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून त्या सीडीने गुपचूप एक प्रोग्राम बसवला होता, आणि ठराविक अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक गोष्ट तो विंडोजच्या नजरेआड करत होता. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी रसिनोव्हिच यांनी हे जाहीर केलं. गदारोळ उठला आणि कंपनीला सीड्या परत मागवाव्या लागल्या. अशा लपवणाऱ्या प्रोग्रामला रूटकिट म्हणतात. त्या घटनेतला चोर एक प्रतिष्ठित कंपनी होती, पण मला महत्त्वाची वाटते ती शोधाची रीत. संशयित यंत्राच्या शब्दावर विसंबायचं नाही. त्याला बाहेरून तपासायचं.

'व्हायरस काढणं' हा शब्दप्रयोग ज्या काळातून आला, तो काळ वेगळा होता. फ्लॉपीच्या दिवसांत व्हायरस एखाद्या फाइलला किंवा डिस्कच्या पहिल्या कप्प्याला चिकटलेला एक तुकडा असे. तो नेमका ओळखून कापून टाकला की फाइल पूर्ववत होई. पुण्यात गणकयंत्रं दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात 'क्विक हील' उभं केलं, ते याच कामातून. आज घरात शिरणारा प्रोग्राम बहुधा एकटा नसतो. तो दार उघडून इतरांना आत घेतो, त्यांनी आणखी काय ठेवलं याची यादी कोणाकडेच नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: एखादं जाहिराती दाखवणारं फुटकळ एक्स्टेन्शन असेल तर काढून टाकावं आणि पुढे जावं. पण पासवर्ड चोरणारा किंवा कुलूप घालणारा प्रोग्राम एकदा चालला असेल, तर तो संगणक साफ करत बसू नये. पूर्ण पुसावा आणि नव्याने उभा करावा.

पण पुसण्याआधी दोन कामं असतात, आणि त्यांचा क्रम चुकवून चालत नाही.

पहिलं काम खात्यांचं, आणि ते त्या संगणकावरून मुळीच करायचं नाही. आम्ही ताईचा फोन घेतला आणि राउटर बंदच असल्यामुळे मोबाइलच्या डेटावर बसलो. सर्वांत आधी ईमेल. बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात का'चे निरोप ईमेलवरच येतात; ती किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं घर. मग बँका, मग बाकीचं.

नुसता पासवर्ड बदलून मात्र भागत नाही. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला बिल्ला मिळतो. परत आल्यावर तिथला माणूस नाव-गाव विचारत नाही. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. ब्राउझरमधली लॉगिनची कुकी हा असाच बिल्ला आहे. एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलं की संकेतस्थळ तो देतं आणि पुढे कितीतरी दिवस फक्त बिल्ला पाहून आत सोडतं. चोराने कुकी नेली असेल, तर त्याला तुमचा पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय शोधून वापरायचा. त्याने आधीचे बिल्ले रद्द होतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट पाहायची. आपली पत्रं परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी घालून ठेवला आहे का, आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आपलाच आहे ना? ही दोन ठिकाणं पाहायचं फार लोक विसरतात, आणि चोर महिन्याभराने तिथूनच परत येतो.

खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर बँकेला कळवून लगेच १९३० हा क्रमांक फिरवायचा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असतात. वाटेत ते गोठवता येतात, पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं. ताईचे पैसे सुदैवाने जागेवर होते.

दुसरं काम फायली वाचवण्याचं. माझ्या लॅपटॉपवर मी लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार केला आणि ताईचा संगणक त्यावरून सुरू केला. अशा वेळी डिस्कवरचं विंडोज झोपलेलंच राहतं आणि त्यातला कोणताही प्रोग्राम चालत नाही. फितूर साक्षीदाराला न उठवता त्याचं घर तपासण्याची ही रीत. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकरने बंद असू शकते. तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की लागते आणि ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते.

उचलायचं काय? फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं. चालवता येणाऱ्या फायली, म्हणजे ईएक्सई, एससीआर, बॅट, शॉर्टकट आणि सगळे सेटअप, तिथेच सोडायच्या. मराठी घरांत इथे हमखास एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे फाँट. भावजी सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका वर्षानुवर्षं संगणकावर जुळवत आले आहेत, आणि तिचे जुने अंक युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्या फाँटमध्ये 'क' हा खऱ्या अर्थाने 'क' नसतो; रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. फाँट गेला की सगळा मजकूर रोमन अक्षरांचा नुसता खच दिसतो. विंडोज पुसण्याआधी त्या फाँटच्या टीटीएफ फायली आठवणीने काढून घेतल्या, आणि टायपिंगचा प्रोग्राम नंतर मूळ सीडीवरूनच बसवला.

कुलूप लागलेल्या फायलीही टाकायच्या नसतात. या कुळाची कुलपं दोन प्रकारची. चालू होताच हा प्रोग्राम आपल्या मालकाच्या सर्व्हरकडे तुमच्यासाठी वेगळी किल्ली मागतो. सर्व्हर सापडला नाही, तर पोटातच बाळगलेली एक ठरलेली किल्ली वापरतो, आणि तेव्हा खंडणीच्या चिठ्ठीतल्या ओळख-क्रमांकाच्या शेवटी 't1' अशी खूण येते. ही ठरलेली किल्ली अनेकांच्या कुलपांना सारखीच लागते, त्यामुळे ती हाती आली की सगळ्यांचीच सुटका होते. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९मध्ये या कुळाच्या १४८ प्रकारांसाठी कुलूप उघडण्याचं साधन फुकट खुलं केलं. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर अशी पुष्कळ साधनं एकत्र सापडतात. चिठ्ठी आणि एक कुलूपबंद फाइल तिथे दिली की ते कूळ ओळखून देतं.

ताईच्या चिठ्ठीच्या शेवटी ती खूण नव्हती. किल्ली सर्व्हरवरून आली होती.

तरीही सगळं संपलं नव्हतं. घाईत जास्तीत जास्त फायली उरकता याव्यात म्हणून हा प्रोग्राम प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा दीडशे किलोबाइटांचा भाग कुलूपबंद करतो. पत्रासारखी लहान फाइल त्यात पूर्ण जाते. पण शेकडो मेगाबाइटांच्या व्हिडिओचं डोकं तेवढं जातं, धड शाबूत राहतं. त्याच फोनवर काढलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दाखवला, तर दुरुस्तीचं साधन ते डोकं पुन्हा बसवू शकतं. ताईच्या फोनवर काढलेलं औक्षण असं परत आलं, पहिले काही क्षण सोडून. बाबांभोवती तबक ओवाळलं जातं आहे, चित्र मध्येच सुरू होतं.

फोटोंसाठी कॅमेऱ्याचं कार्ड तपासलं. समारंभानंतर ते रिकामं केलेलं होतं, पण रिकामं करताना सहसा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. 'फोटोरेक' नावाचा मोफत प्रोग्राम ती पानं शोधून काढतो. निम्म्याच्या आसपास फोटो त्यातून निघाले. बाकीच्यांसाठी ताईने नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला, आणि दोन दिवस सांगली, डोंबिवली, न्यू जर्सीहून फोटो येत राहिले. समारंभातले, घरच्यांनी कधीच न पाहिलेले काही फोटोही त्यात होते.

आता पुसणं. आपल्याकडे याला 'फॉरमॅट मारणं' म्हणतात, आणि गल्लीतला दुकानदार ते तासाभरात करून देतो. त्या तासाभराच्या कामात दोन धोके मी वारंवार पाहिले आहेत. एक, फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो आणि 'डेटा सेफ आहे' म्हणून डी ड्राइव्ह तसाच ठेवला जातो. भाच्याने उतरवलेला क्रॅक डी ड्राइव्हवरच होता. दोन, नवं विंडोज आणि ऑफिस म्हणून जे बसतं, ते चोरीचं असतं, आणि ते चालू करायला अॅक्टिव्हेटर वापरतात. अॅक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे ज्या दारातून चोर आला, तेच दार दुरुस्तीच्या नावाखाली पुन्हा उघडं ठेवलं जातं.

वास्तविक अधिकृत विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागत नाही. विंडोज १० किंवा ११च्या परवान्याची नोंद त्या मदरबोर्डशी जोडलेली असते. दुसऱ्या, निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करायचं, त्यावरून संगणक सुरू करायचा, परवान्याची की विचारली तर 'माझ्याकडे नाही' म्हणून पुढे जायचं, आणि डिस्कवरचे सगळे कप्पे, सी आणि डी दोन्ही, काढून टाकायचे. मदरबोर्डच्या चिपमध्ये घर करणारे प्रोग्रामही आहेत. २०१८मध्ये उघडकीला आलेला लोजॅक्स त्यातलाच. पण ती हेरगिरीची हत्यारं आहेत, घरगुती चोरांची नव्हेत. डिस्क पुसली की घरगुती संसर्ग जवळपास नेहमीच संपतो.

विंडोज उभं राहिल्यावर पहिलं काम सगळे अपडेट. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरत होता, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेला होता. जवळजवळ दोन महिने तो हाताशी होता. आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मग ताईच्या नावाने प्रशासकाचं खातं काढलं, भाच्याला आणि भावजींना साधं. काही बसवायचं असेल तर ताईचा पासवर्ड लागतो. साध्या खात्याने स्वतःच्या फायली वाचतातच असं नाही; तिथे चाललेला प्रोग्राम त्या खात्याच्या फायलींना कुलूप घालू शकतोच. पण इतरांच्या फायली आणि शॅडो कॉपी त्याच्या हाती सहज लागत नाहीत. आपल्या फोल्डरांसाठी विंडोजच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' आहे, ते मुळात बंद असतं, आम्ही चालू केलं. फायलींची पूर्ण नावं दिसतील असंही केलं. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू' या ईमेलमधून पसरलेल्या व्हायरसच्या प्रकरणात पत्रासोबतची फाइल टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर वाटत होती. तिच्यापुढचं व्हीबीएस हे खरं आडनाव विंडोज लपवत होतं. इतक्या वर्षांनंतरही विंडोज नव्याने बसवलं की आडनावं लपलेलीच असतात. ब्राउझरमधले पासवर्ड काढून पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवले. आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणण्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह नेमला, ज्यात दुसरं काहीच ठेवायचं नाही.

बॅकअपबद्दल मात्र आम्ही बराच वेळ बोललो, कारण ताईला तेच लागलं होतं. बॅकअप होता आणि तरी तो गेला. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं जाळं पुसलं. न्हावा शेवाच्या जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे जाळ्यातली सगळी खाती सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. जोडलेली प्रत मूळ फायलीच्या नशिबाला बांधलेली असते.

आता ताईकडे दोन डिस्क आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातली एक लावतात, प्रत झाली की काढून कपाटात ठेवतात. दुसरी माझ्याकडे असते. भाऊबीजेला आणि राखीपौर्णिमेला आम्ही त्यांची अदलाबदल करतो.

तिसरी एक जुनी, लहान डिस्क त्याच कपाटात आहे. तिच्यात कुलूपबंद फोटो आणि ती चिठ्ठी आहे. ती भाच्याने स्वतःहून सांभाळायला घेतली. किल्ली सापडली का, हे तो तीन-चार महिन्यांनी तपासतो आणि डिस्कवरच्या कागदी पट्टीवर पेन्सिलने त्या दिवसाची तारीख लिहितो. परवा गेलो तेव्हा पट्टी भरली होती म्हणून त्याने खाली दुसरी चिकटवली होती.